धानावरील कीड आणि औषधांची उधारी

(समाजाच्या वार्षिक अधिवेशनातील शेतकरी परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण शिक्षण, वसतिगृह, लग्नातील खर्च अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांचे विचार ऐकले. आता दुपारच्या जेवणानंतर माझ्या वाट्याला विषय आला आहे तो धानावरील किडीचा. समाजाच्या व्यासपीठावर किडीचे काय काम, असे कोणाला वाटेल तर ते अस्वाभाविक नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मुलाची फी भरली जाते ती धान विकून, मुलीचे लग्न ठरते ते धान आल्यावर, आणि या अधिवेशनाची वर्गणीदेखील पुष्कळांनी धानाच्या पैशातूनच दिली आहे. तेव्हा बांधीत जे घडते तेच पुढे घरात घडते, हे लक्षात घेऊन आपण मला थोडा वेळ द्यावा. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. साकोली तालुक्यात माझी थोडी शेती आहे, आणि जे सांगणार आहे त्यातील निम्मे पुस्तकातून व कृषी विद्यापीठाच्या मंडळींकडून शिकलो, निम्मे चुका करून शिकलो. चुकांपासूनच आरंभ करतो.

सन २०१७ चा खरीप आपण कोणीही विसरलेलो नाही. त्या वर्षी भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांत तुडतुड्यांनी धान खाल्ला. आपल्याकडे त्याला कोणी ‘मावा’ म्हणतो, कोणी ‘मावा-तुडतुडा’. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्या डिसेंबरात सरकारने कपाशीच्या बोंडअळीबरोबर धानावरील तुडतुड्यासाठीही मदत जाहीर केली, यावरून संकटाची व्याप्ती ध्यानी यावी. माझ्या तीन एकरांत प्रथम ताटाएवढा पिवळा डाग दिसला. दोन दिवसांत तो खळ्याएवढा झाला. आठवड्याच्या आत अर्धी बांधी अशी वाळली की उभ्या पिकाची तणस झाली. लोंबी हातात घेतली तर पोचट.

आता हे ऐका की मी निष्काळजी नव्हतो. मी चार वेळा फवारणी केली होती. पहिली केली ती रोवणीनंतर विसाव्या दिवशी, आणि तिचे कारण एवढेच की शेजारच्या बांधीत पंप चालू झाला होता. दुसरी केली पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी. कृषी केंद्रात गेलो तेव्हा दोन औषधे आणि वर एक टॉनिक असे एकत्र मिळाले, ते तसेच पंपात ओतले. तिसरी तुडतुडे दिसू लागले म्हणून. चौथी पीक जळाल्यावर. तिला औषधोपचार म्हणावे की उत्तरक्रिया, हे मला अजून कळलेले नाही. पैसे रोख दिलेले नव्हते, धान विकल्यावर द्यावयाचे होते. धान घरात आला नाही, उधारी मात्र वहीत राहिली. ती फेडण्यास मला पुढील दोन हंगाम लागले.

परंतु त्याच वर्षी एक गोष्ट घडली आणि तिने मला विचारात पाडले. माझी एक लहान बांधी तलावाच्या पाळीखाली आहे. तिचे पाणी पाझरून ज्या बोडीत जाते, तिच्यात आमच्या घरचे मासे असतात, म्हणून माझ्या आईने तेथे पंप नेऊ दिला नाही. त्या बांधीतही तुडतुडे आले. खोटे कशाला बोलू, तेथेही कोपऱ्यात दोन ठिकाणी पीक बसले. पण बांधी जळाली नाही. चार फवारण्यांच्या बांध्या जळाल्या आणि बिनफवारणीची उभी राहिली, याचा उलगडा मला तेव्हा होईना. दैव म्हणून सोडून दिले असते. पण उधारीचा आकडा दैवावर सोडता येत नाही.

उलगडा पुढे झाला तो असा. तपकिरी तुडतुडा चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो आणि रस शोषतो. मादी आपली अंडी पानाच्या आवरणाच्या आत, पेशीजालात खुपसून ठेवते. एक मादी शेकड्याने अंडी घालते, आणि महिनाभराच्या आत नवी पिढी तयार होते. आपण पंप मारतो तो वरून, पानांवर. बुंध्यापर्यंत औषध नीट पोहोचत नाही, आणि आवरणातील अंड्यांना तर त्याचा स्पर्शच होत नाही. मग मरते कोण? पानांवर, चुडांच्या मध्ये, पाण्यावर धावणारे कोळी मरतात. तुडतुड्याची अंडी शोधून शोषणारा एक हिरवट, बारीक मिरिड ढेकूण असतो, तो मरतो. ढालकिडे मरतात, चतुर आणि टाचण्या निघून जातात. आठ-दहा दिवसांनी अंडी फुटतात, तेव्हा त्या पिलांना बांधीत एकही शत्रू उरलेला नसतो. शत्रूचा किल्ला फोडावयास निघालो आणि स्वतःचेच पहारेकरी कापून काढले, असा हा प्रकार आहे. काही औषधांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांनी, तुडतुडे उलट वाढतात, हे शास्त्रज्ञांनी वारंवार दाखविले आहे. आणि तीच औषधे स्वस्त म्हणून अळीसाठी आपण आधी वापरतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. फिलिपिन्समध्ये पीटर केनमोर या अमेरिकन संशोधकाने १९७०-८० च्या दशकात धानाच्या शेतात बसून हेच मोजले, आणि तुडतुड्यांचा उद्रेक हा पुष्कळ अंशी कीटकनाशकांनीच घडविलेला आहे, असा निष्कर्ष काढला. इंडोनेशियाने १९८४ साली तांदळात स्वयंपूर्णता मिळविली, आणि लगेचच तुडतुड्यांनी ती धोक्यात आणली. तेथे कीटकनाशकांच्या किमतीचा मोठा वाटा सरकारच भरत असे, म्हणून फवारणी भरपूर. अखेर नोव्हेंबर १९८६ मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांनी धानावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. पुढे १९८९ पर्यंत ती सवलतही बंद झाली. लोक म्हणाले, आता देश उपाशी मरणार. तसे झाले नाही. औषधांचा खप उतरला, तांदूळ उतरला नाही. मग शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. त्यांत फळा नव्हता, बांधी होती. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस शेतकरी चिखलात उतरून चूड मोजत, कोणता किडा मित्र आणि कोणता शत्रू ते कागदावर काढत, आणि मग फवारावयाचे की नाही हे सर्वांनी मिळून ठरवीत.

व्हिएतनाममध्ये १९९४ पासून नभोवाणीवरून एकच साधी गोष्ट सांगण्यात आली की पेरणीनंतरचे पहिले चाळीस दिवस पाने खाणाऱ्या अळीसाठी फवारू नका. कारण त्या वयात धानाला पाने पुष्कळ फुटतात. चार पाने अळीने गुंडाळली तरी उत्पन्नात फरक पडत नाही. लाँग आन प्रांतात या प्रचारानंतर फवारण्या सुमारे निम्म्यावर आल्या.

मात्र हा चाळीस दिवसांचा नियम जशाचा तसा उचलून आपल्याकडे लावू नये, असे माझे मत आहे. आपला मुलूख गादमाशीचा आहे. श्रावण-भाद्रपदात आभाळ भरून राहिले, झिमझिम लागून राहिली, की ही डासासारखी बारीक माशी येते. तिची अळी फुटव्याच्या गाभ्यात शिरते आणि तेथून पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी निघते. त्या पोंग्याला लोंबी येत नाही. भारतात गादमाशीचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी चौथ्याच्या नोंदीत आपल्या भंडाऱ्याचे नाव आहे. हा काही मिरविण्याचा मान नव्हे. पण त्याचा अर्थ समजून घेण्याजोगा आहे. दुसऱ्या प्रांतात जो वाण गादमाशीला दाद देत नाही, तो आपल्याकडे टिकेलच असे नाही. म्हणून नातेवाइकाने परप्रांतातून आणलेले बियाणे पेरण्यापूर्वी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साकोली किंवा सिंदेवाही येथील केंद्रात एकदा विचारावे. या माशीवर प्लॅटिगॅस्टर नावाची अतिशय लहान परोपजीवी माशी निसर्गतःच जगते. तिने ग्रासलेले पोंगे दहा चौरस मीटरला एक या प्रमाणात रोवणीनंतर दहाव्या दिवशी बांधीत सोडावेत, अशी शिफारस आहे. पोंगे दिसू लागल्यावर वरून केलेली फवारणी मात्र निव्वळ पैशाची नासाडी होय, कारण नुकसान झालेले असते आणि माशी उडून गेलेली असते. या किडीवर खरा इलाज आधीचा आहे, तो म्हणजे रोवणी लवकर आटोपणे, आणि धुऱ्यावरचे गवत व देवधान काढून टाकणे, कारण धान नसताना ही माशी तेथेच दिवस काढते.

खोडकिडीचीही तीच गत. तिची मादी पानाच्या शेंड्याकडे अंड्यांचा पुंजका घालते, वर पिवळसर केसांचे आवरण. पऱ्हे उपटून रोवणीला नेताना शेंडे खुडले की पुष्कळ अंडी तेथेच नष्ट होतात. हे काम आपल्या आयाबहिणींच्या हाताखालून जाते. रोवणीला शेकडो जुड्या त्यांच्या हातून जातात आणि निंदणाला बांधीचा प्रत्येक कोपरा त्यांच्या नजरेखालून जातो. कीड प्रथम त्यांना दिसते. औषध मात्र पुरुष आणतो, आणि तेही त्यांना न विचारता. माझ्या घरी आता निंदणाहून परतल्यावर प्रथम विचारतो, ‘‘आज काय दिसलं?’’ एवढ्या एका प्रश्नाने माझी एक फवारणी तरी दरवर्षी वाचते.

खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम या परोपजीवी कीटकाची हेक्टरी पन्नास हजार अंडी, कागदी पट्ट्यांवर चिकटविलेली, आठ-दहा दिवसांच्या अंतराने सोडावयास सांगतात. एक पथ्य आहे: पट्ट्या लावल्या की त्या आठवड्यात पंप हाती घ्यावयाचा नाही. आमच्या गावी एकाने सकाळी पट्ट्या लावल्या आणि सायंकाळी फवारणी केली, मग तो सांगत सुटला की पट्ट्यांत काही दम नाही!

आता मोजणीविषयी. फवारणी करूच नये, असे मी म्हणत नाही. मोजल्यावाचून करू नये, एवढेच म्हणतो. फुटवे धरू लागले की आठवड्यातून एकदा बांधीत उतरावे, धुऱ्यावरून पाहू नये. कर्णरेषेत चालत वीस चूड बघावेत. प्रत्येक चूड हाताने वाकवून, बुंधा उघडून. खोडकिडीने वाळलेले गाभे शेकडा पाच, गादमाशीचे पोंगे शेकडा पाच, तुडतुडे एका चुडात पाच ते दहा, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. त्याखाली असेल तर घरी यावे आणि चहा घ्यावा. तुडतुड्यांबरोबर कोळीही भरपूर दिसत असतील तर आणखी तीन दिवस थांबून पुन्हा मोजावे. तुडतुडे वाढत असतील तर प्रथम बांधीचे पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे, युरियाचा हात आखडावा. रोवणी करतानाच दर दोन-अडीच मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडला असेल तर बुंध्याशी वारा-ऊन खेळते आणि तुडतुड्याला नकोसे होते. एवढे करूनही मर्यादा ओलांडली तर मग एकच योग्य औषध, योग्य मात्रेत, बुंध्यावर. दोन औषधांची खिचडी नको. इमिडाक्लोप्रिड एकेकाळी तुडतुड्यावर रामबाण होते. २००३ नंतर आशियातील अनेक देशांत तुडतुडे त्याला दाद देईनासे झाले. एकच औषध पुनःपुन्हा वापरण्याचे ते फळ आहे.

थांबण्याचा अतिरेकही मी करून पाहिला आहे. एका वर्षी धान पिकत आलेला असताना लष्करी अळीची चाहूल लागली. मी म्हटले, पाहू. मला माझ्या संयमाचा जरा अभिमान झाला होता. ती अळी दिवसा बुंध्याशी, मातीच्या भेगांत दडते आणि रात्री वर चढून लोंब्या कुरतडते. दोन रात्रींत एका बांधीत खाली धानाचा सडा पडला. चौरस मीटरला चार-पाच अळ्या ही तिची मर्यादा, आणि ती कंदील घेऊन सायंकाळनंतरच मोजावी लागते. मी ती दुपारी मोजली होती. थांबणे म्हणजे पाहत राहणे. अंगणात बसून राहणे नव्हे.

पाहणे ही आपल्या मुलखात काही नवी विद्या नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या आहेत हे पाहिले, त्या जपल्या, पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. २०१८ साली ते निवर्तले. शिक्षण बेताचे, जमीन त्याहून बेताची. पण बांधीत पाहण्याची त्यांची नजर कोणत्याही पदवीधराला हेवा वाटावा अशी होती.

आता एक अप्रिय विषय. २०१७ च्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. ते कपाशीचे, आपण धानाचे, असे म्हणून भागणार नाही. पंप तोच आहे आणि पाठ माणसाचीच आहे. आपल्या देशात कीटकनाशकांचा कायदा झाला तो १९६८ साली, आणि त्याच्या मागे १९५८ ची केरळातील दुर्घटना होती. जहाजात पॅराथिऑनच्या शेजारी ठेवलेल्या अन्नधान्यात ते विष मिसळले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. कायदा झाला, डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आला. किती जण तो त्रिकोण बघून डबा घेतात? फोरेटचे दाणे आपण वर्षानुवर्षे उघड्या हाताने, युरियात कालवून बांधीत फेकले. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तरी कोणाच्या कोठीत जुनी पिशवी पडून असेल तर ती लेकरांच्या हाताला लागणार नाही याची आजच व्यवस्था करावी आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारून तिची विल्हेवाट लावावी. आणि तरुण मंडळींना हात जोडून सांगतो: पंप पाठीवर असताना खर्रा घोटू नका. औषधाचा हात, तोच तळवा, तोच खर्रा, तेच तोंड. याहून सोपा मार्ग विषाला मी पाहिलेला नाही.

हे सारे एका घराने करून पुरत नाही, ही खरी अडचण. तुडतुडा धुरा ओलांडताना सात-बारा पाहत नाही. माझ्या बांधीत कोळी जगले आणि शेजाऱ्याने सारे मारले, तर माझे कोळी किती दिवस पुरणार? जेथे पाटाचे पाणी आले तेथे खरिपामागे उन्हाळी धान आला. म्हणजे किडीला बारमाही अन्नछत्र उघडले. उन्हाळी धान सोडा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याच पैशावर घरे उभी राहिली. परंतु दोन पिकांमध्ये सर्वांनी मिळून काही आठवडे बांध्या रिकाम्या ठेवाव्यात, आणि एका शिवारातील रोवणी आठ-दहा दिवसांच्या फरकाने आटोपावी, एवढे गावाला जमण्याजोगे आहे. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी मंडळींनी बांधलेल्या तलावांचे पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे, किती वेळ जायचे, याचे नियम गाव मिळून पाळीत असे, आणि नियम मोडणाऱ्याला गावात मान वर करता येत नसे. पाण्याचा नियम पाळू शकणाऱ्यांना पंपाचा नियम पाळता येणार नाही, हे मला पटत नाही. आमच्या गावी आम्ही सात-आठ घरांनी मिळून आरंभ केला आहे. दर शनिवारी मोजणी. प्रत्येकाचा आकडा मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर खडूने लिहावयाचा. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी हसणाऱ्यांपैकी दोघे शनिवारी सकाळी आपणहून येऊन उभे राहिले. माझ्या स्वतःच्या शेतात आता बहुतेक वर्षी एक फवारणी होते, एखाद्या वर्षी एकही नाही, आणि २०१९ नंतर कृषी केंद्राच्या वहीत माझे नाव नाही. बोडीत मागूर आणि दाडक पुन्हा मुबलक आहेत, हे आईच्या समाधानाचे कारण; तिला एवढे पुरे.

एका प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही, तो आपल्यापुढे ठेवतो. खोडकिडीची अळी कापणीनंतर धसकटात दडून हिवाळा काढते, म्हणून कापणी जमिनीलगत करावी आणि लगेच नांगरट करून धसकटे मोडावीत, असे शास्त्र सांगते. पण आपण उभ्या धानातच लाखोळी आणि जवस उतेरा टाकतो. नांगर घातला तर लाखोळी गेली. न घातला तर अळी राहिली. मी जमिनीलगत कापणी करतो आणि ज्या बांध्यांत उतेरा नाही तेवढ्याच नांगरतो. कोणाला याहून चांगली तोड सापडली असेल तर मला सांगावी, मी ऋणी राहीन.

येताना मी माझ्याच बांधीतील काही धसकटे उपटून आणली आहेत. व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टोपलीत आहेत, शेजारी दोन चाकूही ठेवले आहेत. अध्यक्ष महाशयांची अनुमती असेल तर चहाच्या सुट्टीत ज्यांना यावयाचे त्यांनी, विशेषतः भगिनींनी आणि शाळकरी मुलांनी, यावे. धसकट उभे चिरायचे, हलक्या हाताने. आत पिवळसर पांढरी, बोटाच्या पेराएवढी अळी निघेल. काहींत निघणार नाही. कितींत निघाली ते आपण मोजून या फळ्यावर लिहू.